तीनदा परतव!

तेर्मेझ शहरात मला फसवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. आणि चुकून आलाच असेल, तर माझी त्याच्यावर नजर आहे! टरबूजवाला "मधासारखं आहे, ओपा" म्हणाला (ओपा म्हणजे ताई), की मी आधी त्याच्याकडे रोखून बघते आणि मग टरबूज वाजवते. शेजारीण न मागता साखरेची वाटी परत द्यायला आली, की ती गेल्यावर मी वाटी उजेडात धरून बघते. माणूस उगाच चांगला वागत नाही. वागला, तर त्याला काहीतरी हवं असतं!

हा गुण वडिलोपार्जित. माझे वडील आमूदर्या नदीच्या पुलापाशी जकात नाक्यावर होते. पलीकडे अफगाणिस्तान, अलीकडे आम्ही उझबेक, आणि मधोमध माझे वडील! "काय आणलंस? काय नेतोस? उघड पिशवी!" एवढ्या भांडवलावर त्यांनी नोकरी केली आणि एवढ्याच भांडवलावर आम्हा दोघी बहिणींना वाढवलं.

माझं काम दिसायला वेगळं, पण आहे तेच. मी कॉम्प्युटरवर सोलर पॅनेल मांडते, त्याच्यावरून वारा सोडते, डोक्यावर सूर्य चढवते आणि पॅनेल किती तापेल ते काढते. वारा सोडणं कुणालाही जमतं. खरी गोम कडेला असते! कॉम्प्युटर बिचारा एका खोक्याच्या आतलंच जग जाणतो. खोक्याबाहेर आकाश आहे, जमीन आहे, हे त्याला कडेवर उभं राहून आपण सांगायचं. आकाशाकडे किती उष्णता निघून जाते, जमीन किती ऊन परतवते, पॅनेल स्वतःच्या अंगातून किती सोडतं. याला म्हणतात रेडिएशनच्या सीमा-अटी. ('रेडिएशन' म्हटलं की माझी मोठी बहीण होसियत अजूनही खिडक्या लावून घेते.) मी हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हाच ओळखलं, अरे, हा तर आपला जकात नाका! काय आणलंस, काय नेतोस, उघड पिशवी!

आमच्या कचेरीत एल्योर नावाचा मुलगा आहे. सव्वीस वर्षांचा, हुशार, पण नाक्यावर उभं राहायचं डोकं नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याने आकाशाला हवेइतकंच तापमान दिलं. पंचेचाळीस अंश!

"बाळा," मी म्हटलं, "आकाश म्हणजे काय पत्र्याचं छप्पर वाटलं तुला? आकाश हवेपेक्षा पुष्कळ थंड धरायचं असतं. नाहीतर तुझी आजी उन्हाळ्यात घर सोडून अंगणात कशाला झोपली असती?"

बिचाऱ्याचे कान लाल झाले. गोष्ट दीड वर्षापूर्वीची आहे, पण मी ती आठवड्यातून एकदा तरी काढते. त्याने मुलं नम्र राहतात. चहा मात्र हा मुलगा सुंदर करतो. किटलीतून पियाल्यात, पियाल्यातून पुन्हा किटलीत, मग पुन्हा पियाल्यात, असा घोळवून घोळवून आणतो. तेवढं मी मान्य करते, मनातल्या मनात.

तर एके दिवशी आमचे संचालक तोलिब-अका माझ्या टेबलाशी आले. तोलिब-अका (अका म्हणजे दादा) स्वभावाने घाबरट. वाक्याचा पहिला भाग ऐकतात आणि दुसरा भाग येईपर्यंत फोन लावलेला असतो.

"सनोबर, बाजारातल्या नान-गल्लीचं काम आलंय. बाजार समितीला गल्लीवर पॅनेलचं छप्पर घालायचंय. सावलीची सावली, विजेची वीज!"

"आणि खाली तंदूर?"

"तेच तर! वरून सूर्य, खालून तंदूर, मधे पॅनेल. पॅनेलची खालची बाजू पंच्याऐंशी अंशांच्या वर जाता कामा नये. गेली, तर..."

"तर पॅनेल लावायचे नाहीत."

"छे! पॅनेल लावायचं ठरलंय. तर मग तंदूर हलवायचे. गावाबाहेर, धान्याच्या गोदामामागे."

गोदामामागे! तिथे गिऱ्हाईक म्हणून फक्त चिमण्या जातात. आणि नान-गल्लीच्या तोंडाशी पहिला तंदूर कुणाचा? मामात-पोच्चांचा! पोच्चा म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमच्या होसियतचा. त्यांच्या वडिलांनी त्याच कोपऱ्यावर नान भाजले, आता ते भाजतात. त्या कोपऱ्याची मातीसुद्धा आता खरपूस झाली असेल.

"शुक्रवारी आकडा द्यायचा," तोलिब-अका म्हणाले. "आणि हे बघ, ते तुझे मेव्हणे आहेत म्हणून..."

"तोलिब-अका! मी लहानपणी ईदला आलेल्या मामाची पिशवी उघडायला लावलेली मुलगी आहे!"

त्यावर त्यांनी कामाची फाईल माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत शिरते, तो काय! दाराजवळच्या मोठ्या टेबलावर, म्हणजे ज्याच्या एका अंगाला मी बसते आणि दुसऱ्या अंगाला एल्योर, त्याच्या बरोबर मधे फडक्यात गुंडाळलेला गरम नान! फडकं उचललं. मधोमध आठ पाकळ्यांच्या फुलाचा ठसा. तो ठसा तेर्मेझमध्ये एकाच माणसाचा. मामात-पोच्चांचा!

काल काम आलं, आज नान आला. मी खुर्चीत बसले आणि शांतपणे नानाकडे बघितलं. नानही माझ्याकडे बघत होता. आणि तीळ! एरवी आमचे पोच्चा तीळ असे टाकतात, जणू एकेकाला नावानिशी ओळखतात. या नानावर मात्र तीळ नुसते ओतले होते! एवढे तीळ फुकट येत नाहीत. प्रत्येक तिळामागे हेतू होता!

आत काही दडवलंय का ते बघायला मी एक कोपरा मोडला. काही नव्हतं. मग चवीत काही नाही ना, म्हणून तो तुकडा खाल्ला. लुसलुशीत! संशय पक्का झाला.

लाच परत पाठवायची, आणि तीही ताबडतोब. मी नान एका जाड पिशवीत घातला आणि वर अशी गाठ मारली की ती फक्त दातांनीच सुटावी. तेवढ्यात एल्योर आला. आल्या आल्या टेबलाकडे बघितलं. टेबलाखाली बघितलं. खिडकीच्या कट्ट्यावर बघितलं.

"काय शोधतोस रे?"

"काही नाही, ओपा."

काही नाही म्हणणारा माणूस नेहमी काहीतरी शोधत असतो! आणि मला आठवलं, आदल्याच दिवशी हा जिन्यात फोनवर कुजबुजत होता. "हो, शुक्रवारीच. पण त्यांना कळू देऊ नका हं! हो हो, त्याच. माझ्यासमोरच बसतात." एल्योरच्या समोर कोण बसतं? मी! शुक्रवारी काय आहे? नान-गल्लीचा आकडा! आता मला सांगा, दोन आणि दोन किती?

मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पिशवी पुढे केली. "ही मामात-अकांना नेऊन दे. कागद आहेत. उघडायची नाही!"

"मामात-अकांना? मी जाऊ?" पोरगं एकदम उजळलं. खिडकीच्या काचेत बघून केस विंचरले, शर्ट खोचला, आणि निघालं. कागद पोचवायला जाताना कुणी केस विंचरतं का? मनात नोंद केली.

तो गेला आणि मी कामाला बसले. आकाश घातलं, थंड. तंदूर घातले, धगधगीत. राहिली फरशी. गल्लीच्या कडेला समितीने नवीन फिकट फरशी घातली होती. त्या फरशीवर ऊन पडणार, फरशी ते वर परतवणार, आणि ते पॅनेलच्या पोटाला लागणार. किती परतवणार? त्यासाठी विचारायला एकच माणूस, नियमत दोमला! दोमला म्हणजे गुरुजी. आमचा सगळा प्रोग्राम त्यांनी निवृत्त व्हायच्या आधी एकहाती लिहिलाय. माणूस विद्वान, पण प्रोग्राम त्यांच्या कपाटासारखा. कुठल्या चौकटीत काय लिहायचं ते फक्त त्यांनाच ठाऊक. ढगांचा आकडा दहापैकी लिहायचा, वाऱ्याचा सेकंदाला, आणि 'परतवणे' नावाच्या चौकटीपुढे काहीच लिहिलेलं नाही.

फोन लावला.

"दोमला, सनोबर बोलतेय."

"सनोबर! बरी आहेस? मुलं बरी? आई बरी? रक्तदाब?"

"सगळं बरं, दोमला. तुमचा गुडघा?"

"गुडघा बरा. आमच्याकडे नवी सून आलीय, ठाऊक आहे ना? घर पाहुण्यांनी भरलंय!"

"मुबारक, दोमला! एकच विचारायचं होतं. नान-गल्लीची फरशी, नवीन आहे, फिकट. 'परतवणे' किती घालू?"

तिकडून भांड्यांचा खणखणाट, बायकांचं हसणं. दोमलांचा आवाज जरा लांब गेला आणि परत आला.

"अगं, लाजतेस काय? परतव! तीनदा परतव!"

दोमलांनी मला लाजतेस काय म्हणून विचारावं, हे जरा विशेष वाटलं. पण आकडा स्पष्ट होता.

"तीन? नक्की?"

"तीन म्हणजे तीनच! त्याहून कमी केलं तर कच्चं राहतं, रंग येत नाही!"

रंग! बरोबर. फिकट फरशी, रंगाचा प्रश्न येणारच. दोमला पाहुण्यांच्या गर्दीतसुद्धा बारकावा सोडत नाहीत. मी चौकटीत तीन लिहिलं. ढगांसारखंच दहापैकी असणार, दहातलं तीन, अगदी योग्य. मुबारक देऊन फोन ठेवला, गणित सुरू केलं. एवढं मोठं गणित, रात्रभर चालणार होतं.

एल्योर परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग फरशीहून फिकट होता.

"दिली पिशवी?"

"दिली, ओपा."

"काय म्हणाले?"

"काही नाही. आधी हसले, मला मिठी मारली. मग पिशवी उघडली, आत बघितलं. आणि तंदूरच्या खोलीचं दारच लावून घेतलं."

पकडला गेल्याची लक्षणं! मी मनातल्या मनात वडिलांना सलाम केला.

दुसऱ्या दिवशी गणित पूर्ण झालं. मी आकडा बघितला आणि चष्मा पुसला. पुन्हा बघितला. पॅनेलची खालची बाजू दोनशे चौदा अंश!

या तापमानाला नान भाजतो! पॅनेललाच कणीक थापली तर खाली तंदूर लागणारच नाहीत! मी ताळा केला. आत किती उष्णता आली, बाहेर किती गेली? तर जेवढी आली त्याच्या कितीतरी पट बाहेर निघत होती. आता चोरी मला समजते. कुणीतरी उचलून नेतं, मापात कमी येतं. इथे उलटंच! कुणीतरी गुपचूप येऊन माझ्या गणितात उष्णता टाकून जात होतं! घेऊन जाणारा चोर परवडला, टाकून जाणारा फार खोल असतो.

मी कीबोर्ड उलटा करून हळूच आपटला. आणि त्यातून काय पडलं? तिळाचा दाणा!

तंदूरवर काल कोण गेलं होतं? एल्योर! बाहीला तीळ लावून कोण आलं असणार? एल्योर! मी तो तीळ काड्यापेटीत ठेवला. आता एकच गोष्ट जुळत नव्हती. पोच्चा आणि एल्योर संगनमताने आकडा खोटा करतील, तर तो खाली आणतील. वर कशाला नेतील? स्वतःचाच तंदूर कोण उठवेल? पण मी म्हटलं, जुळत नाही म्हणजेच कट खोल आहे!

तेवढ्यात होसियतचा फोन. गुलशोदाबद्दल, म्हणजे तिच्या मुलीबद्दल. रडत होती.

"सनोबर, मोडलं गं! गुलशोदाचं मोडलं!"

"काय मोडलं? हात?"

"सोयरीक! उद्या शुक्रवारी साखरपुड्याचा नान मोडायचा होता, आणि मुलाने काल नान परत पाठवला! स्वतःच्या हाताने आणून दिला!"

आमच्यात मुलाकडून नान परत आला म्हणजे संपलं. बोलणी नाहीत, भांडण नाही, नुसता नान परत. सगळ्या गल्लीला कळतं.

"आणि नुसता परत नाही गं! मोडून! एक कोपरा खाऊन! म्हणजे चाखून बघितलं आणि नको म्हणाला! एवढा अपमान कुणी करतं?"

"कोण तो नालायक?" मी ओरडले. "आणि गुलशोदाची सोयरीक जमली कधी? मला कुणी सांगितलं नाही!"

"तुला कसं सांगणार? आमच्या थोरल्या नदिराच्या वेळी तू मुलाच्या शाळेत जाऊन त्याची हजेरी तपासून आलीस! त्यांनी नाद सोडला!"

"सत्तर टक्के हजेरी होती, ओपा!"

"म्हणून तर यांनी शपथ घातली, लग्नाचा दिवस ठरेपर्यंत सनोबरला कळू द्यायचं नाही."

"नाव सांग मला त्याचं. मी त्याला शोधून काढते. त्याला मी..."

पण तिने रडत रडत फोन ठेवला. समोर एल्योर बसला होता. त्याने तीनदा कुणाला तरी फोन लावला आणि तिन्ही वेळा तिकडून कुणी उचलला नाही.

"ऐकलंस का, एल्योर? माझ्या भाचीकडे एका हलकटाने नान परत पाठवला. तोही मोडलेला!"

एल्योरने मान वर केली. ओठ पांढरे पडले होते. "ओपा, काल त्या पिशवीत काय होतं?"

"कागद! तुला काय करायचंय? तू आपलं गणित बघ!"

मी खोटं बोलले, मान्य आहे. पण तपास चालू असताना संशयितासमोर पत्ते उघडे करायचे नसतात. आणि खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात दोन वेगळे कप्पे होते. एका कप्प्यात मी परत केलेली लाच, दुसऱ्या कप्प्यात कुणा हलकटाने परत केलेला नान. मधे भक्कम भिंत!

शुक्रवारी सकाळी मी तोलिब-अकांकडे गेले. "अका, आकडा दोनशे चौदा आलाय, पण..."

'पण'च्या आत त्यांनी फोन लावला होता! "समिती? दोनशे चौदा! हो, अंश! तंदूर हलवा, लगेच हलवा!" मी "अहो, पण यात घातपात आहे" म्हणेपर्यंत त्यांनी दुसरा फोन लावला होता. "दोमला? तुमच्या प्रोग्रामला आग लागलीय! ताबडतोब या!"

बातमी बाजारात पोचायला किती वेळ लागतो? अर्ध्या तासात दोमला काठी टेकत आत आले, आणि त्यांच्या मागोमाग मामात-पोच्चा! अंगावर पीठ, हातात नान थापायची उशी, डोळे तंदूरसारखे. आणि त्यांच्या मागे डोळ्याला रुमाल लावून होसियत.

"कुठाय ती?" पोच्चा गरजले. "सनोबर! बापाच्या कोपऱ्यावरून उठवतेस मला? समितीचा माणूस येऊन सांगून गेला, संध्याकाळपर्यंत विस्तव विझवा!"

"पोच्चा, आकडा माझा नाही! कुणीतरी माझ्या गणितात उष्णता टाकलीय!"

"उष्णता काय कोळसा आहे, कुणी फावड्याने टाकायला?"

"बसा, बसा," तोलिब-अका हात चोळत म्हणाले. "आधी चहा! एल्योर, चहा!"

आमच्याकडे खून झाला तरी आधी चहा होतो. आणि ओततो तो सगळ्यांत लहान. एल्योरने किटली आणली. पोच्चांनी त्याला बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. होसियतने हुंदका दिला. मला वाटलं, हिला पुन्हा गुलशोदा आठवली असेल. एल्योरचं लक्ष चहात नव्हतंच. त्याने किटली उचलली आणि थेट दोमलांच्या पियाल्यात चहा ओतला. पांढरट, पाण्यासारखा.

दोमलांनी पियाल्यात बघितलं.

"अरे, हे काय? तुलाही आमच्या सुनेसारखं शिकवू? परतव! तीनदा परतव! कच्चा राहिलाय, रंग आला नाही!"



तोच आवाज. तेच शब्द. मी एल्योरकडे बघत राहिले. चहा पियाल्यातून किटलीत. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा. चहाला रंग आला. माझ्या तोंडाचा गेला.

"दोमला," मी विचारलं, "तुमची ती 'परतवणे'ची चौकट, दहापैकी आहे ना?"

"दहापैकी? छे! एकापैकी. फिकट फरशीला शून्य पूर्णांक तीन. एक म्हणजे आरसा. एकाच्या वर तर जगात काही नसतं. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं.

आणि काही नाही म्हणणारा माणूस काय करत असतो, ते मी वर सांगितलंच आहे. मी हळूच कॉम्प्युटरकडे सरकले. तीनच्या चौकटीकडे पाठ करून उभी राहिले. म्हणजे मी गल्लीतल्या फरशीला एक सूर्य दिला होता आणि तिच्याकडून तीन वसूल केले होते! जकात नाक्यावर अशी वसुली माझ्या वडिलांनाही जमली नसती.

"परतव म्हणे!" पोच्चा भिंतीकडे बघूनच म्हणाले. "या पोराला शिकवायला नको, दोमला! परतवण्यात पटाईत आहे तो! माझ्या हातचा नान परतवला याने, कोपरा खाऊन!"

"मी?" किटली एल्योरच्या हातून टेबलावर आपटली. "नान? मामात-अका, शपथेवर सांगतो, मला वाटलं पिशवीत कागद आहेत! मी तर त्या सकाळी तुमचाच नान शोधत होतो! गुलशोदा म्हणाली होती, टेबलावर ठेवलाय म्हणून!"

"मग पिशवी कुणी दिली?"

एल्योर सज्जन मुलगा. त्याने नाव घेतलं नाही. नुसतं बघितलं. मग होसियतने बघितलं. पोच्चांनी बघितलं. दोमलांनी चष्मा लावून बघितलं. माझ्या डोक्यातली ती भक्कम भिंत धाडकन कोसळली आणि दोन्ही कप्पे एक झाले. हलकट सापडला होता!

"तू?" होसियत किंचाळली. "आणि कोपरा?"

"तपासणीसाठी," मी म्हटलं.

"खाल्लास?"

"तपासणीसाठीच."

"पण का?" पोच्चा उशी आपटत म्हणाले. पिठाचा ढग उठला. "तुझं आम्ही काय वाकडं केलं होतं?"

मी ताठ उभी राहिले. तत्त्वाचा प्रश्न होता. "पोच्चा, तुम्ही मला लाच देत होता! काम माझ्याकडे आलं आणि दुसऱ्या दिवशी नान! आणि एवढे तीळ!"

मग पोच्चा हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे, मग सगळं पीठ.

"लाच? तुला?" ते डोळे पुसत म्हणाले. "अगं, तो नान जावयाचा होता! तीळ जावयासाठी होते! तुझ्याकडे हे काम आहे हे मला आत्ता, समितीचा माणूस आला तेव्हा कळलं! मला तर वाटायचं, गणितं सगळी एल्योर करतो, आणि तू..."

"आणि मी काय?"

पोच्चा होसियतकडे बघायला लागले.

"तू हजेरी घेतेस," होसियत म्हणाली.

पुढचं भराभर सांगते, कारण त्यात माझं कौतुक नाही. मी तीन पुसून शून्य पूर्णांक तीन लिहिलं. दोमलांनी गणिताची छोटी आवृत्ती लावून दिली. सगळे माझ्या खांद्यावरून बघत उभे राहिले, पोच्चांच्या दाढीतलं पीठ माझ्या मानेवर पडत होतं. दुपारच्या नमाजाच्या सुमाराला आकडा आला. एकाहत्तर अंश! तोलिब-अकांनी 'एकाह'वरच फोन उचलला. "समिती? विस्तव विझवू नका! कोण म्हणालं दोनशे चौदा? छापण्यातली चूक!" या एका वाक्यासाठी मी त्यांचा घाबरटपणा कायमचा माफ केला.

सोयरीक जोडायची तर ज्याने नान परत केला त्याने मुलीच्या घरी नान न्यायचा. म्हणजे मी. भर बाजारातून, दोन्ही हातांवर दोन नान घेऊन, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! दोन्ही बाजूंचे नानवाले तंदूर सोडून उभे.

"ओपा, कोपरे मोजून घेतलेत ना?" एकाने विचारलं.

"सांभाळून, भूक लागेल!" दुसरा.

संध्याकाळी साखरपुड्याचा नान मोडला. मोडायला थोरली बाई लागते. मावशी म्हणून मान माझा होता, पण होसियतने मला दाराजवळ, नानापासून सगळ्यांत लांब बसवलं, आणि तिथेही एल्योरच्या आजीला माझ्या शेजारी ठेवलं. तिची माझ्या हातांवर नजर होती. मी त्या नजरेला ओळखते. ती आमच्या घराण्यातली असायला हवी होती. एल्योरने सगळ्यांना चहा दिला. माझ्या पियाल्याशी आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, आकाश किती थंड धरायचं असतं?" दीड वर्षं वाट बघत होतं पोरगं!

दोमलांनी प्रोग्राममध्ये आता त्या चौकटीपुढे लिहिलंय, 'एकाच्या वर घेत नाही. चहासाठी नाही.' तो तीळ अजून माझ्या काड्यापेटीत आहे. तो कुणाच्या तोंडातून पडला, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

मामात-पोच्चांचा नान आता रोज सकाळी कचेरीत येतो, फडक्यात गुंडाळलेला, तिळांनी भरलेला. मी सुधारलेय. हात लावायच्या आधी विचारते, "कुणासाठी आहे?" अजून तरी एकदाही माझं नाव आलेलं नाही. आणि हे मला जरा संशयास्पद वाटतं!